शाजापूरकडे काळवीट: दोनदा फसलेलं आणि एकदा जमलेलं लपण

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवार-रविवारी इंदूरहून आम्ही तिघं गेलो होतो, मी, मामा आणि धाकटा मामेभाऊ. देवास, मक्सी करत शाजापूर साधारण १०० किलोमीटर, पहाटे पावणेचारला निघालं की उजाडायच्या आत पोचता येतं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथं काळवीट अभयारण्यात नाहीत, शेतांत आहेत, आणि पत्ता फिरला की कॅमेरेवाल्यांच्या मागोमाग नको ते लोकही येतात.

आधीच सांगतो, हे सगळं फोटोसाठी. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, शिकार केली तर तीन ते सात वर्षं आत. आणि अनेकांना माहीत नसतं की त्या कायद्यात शिकार म्हणजे नुसती गोळी नाही, जनावर हाकणं आणि आमिष टाकणं पण त्यातच धरलंय, त्यामुळे 'तू गाडी घेऊन पलीकडून कळप इकडे वळव' किंवा 'थोडं मीठ टाकून ठेवू' असले सल्ले कोणी दिले तर ऐकू नका.

आता लपणाचं, म्हणजे फोटोसाठी दबा धरून बसायच्या आडोशाचं. आपल्या इंदूरकरांना रालामंडलच्या टेकडीवरचा होळकरांचा शिकारवाडा माहीत, त्यामुळे लपण म्हटलं की काहीतरी बांधायचं हेच डोक्यात येतं. मी पण तेच केलं. नाल्याच्या काठावर बेशरमच्या फांद्या, पळसाची पानं, तुराट्या असं सगळं रचून मस्त कमरेएवढी भिंत उभी केली, मामा म्हणाला, "हे काय, गणपतीची आरास करतोयस का?" आणि खरंच तसंच झालं, कळप आला, दीडशे-दोनशे मीटरवर थांबला, सगळ्या माद्या मान वर करून त्या नव्या झुडपाकडे बघत उभ्या राहिल्या आणि मग एकीनं उंच उडी मारली की संपलं, सगळे उड्या मारत पसार. रोज त्याच माळावर चरणारं जनावर, काल नव्हतं ते आज दिसलं की त्याला कळतंच. चितळ-सांबराला आधी वास लागतो, पण काळवीट मोकळ्यावरचा, त्याचा भरवसा डोळ्यांवर. (आपण मराठीत सगळ्यांना हरीण म्हणून मोकळे होतो, पण चितळाची शिंगं गळून परत येतात, काळविटाची ती पिळाची शिंगं जन्मभर तीच.)

संध्याकाळी दुसरा प्रयोग, तो भावाच्या निळ्या विंडचीटरनं घालवला. या प्राण्यांना लाल-केशरी आपल्यासारखं वेगळं दिसत नाही पण निळं चांगलंच दिसतं, तेव्हा खाकी, मळकट हिरवा, जुना ब्राउन स्वेटर, काहीही चालेल, निळं सोडून.

रात्री शाजापूरला लॉजवर झोपलो. सकाळी काहीच बांधायचं नाही ठरवलं. बांधावर एक जुनी बाभूळ होती, खाली बोरीची जाळी, तिच्या आत शिरून खोडाला पाठ लावून बसलो, पुढे फक्त दोन वाळक्या फांद्या गुडघ्याएवढ्या, लेन्सला फट ठेवून. मला इथंच कळलं की समोरच्या आडोशापेक्षा पाठीमागं काय आहे ते महत्त्वाचं. मागं आकाश असेल तर तुमचं डोकं हललेलं अर्ध्या किलोमीटरवरून दिसतं, मागं जाड खोड आणि सावली असेल तर तुम्ही त्यातलेच एक होता. सूर्य मागून येईल असं पश्चिमेकडं तोंड करून बसा, आणि सव्वासहाच्या आत बसा, उजेडात चालत जाऊन बसण्यात अर्थ नाही. वाऱ्यासाठी टाल्कम पावडरची छोटी डबी बरोबर ठेवा, हवेत चिमूट उडवली की आपला वास कुठं जातोय ते कळतं. बसायच्या आधी टॉर्चनं जाळी नीट बघा, आणि बोरीचे काटे पँटमधून आत जातात हे माझ्याकडून ऐका, जाड पोतं अंथरा.

जागा कशी निवडायची? लेंड्यांचा ढीग शोधा. नर आपल्या हद्दीत ठरावीक जागीच लेंड्या टाकतो आणि परत परत तिथं येतो. आम्ही ढिगापासून पन्नास-एक पावलांवर होतो, आणि आठ-वीसला तो आला, एकटा, पाठ काळी कुळकुळीत, डोळ्याभोवती पांढरं, नाक वर करून शिंगं पाठीवर टेकवलेली. सायलेंट शटरवर पंधरा-वीस फ्रेम मिळाल्या असतील. मग मामाच्या मोबाइलवर बीपीच्या गोळीचा अलार्म वाजला. फोन सायलेंटवर होता हो, पण अलार्म सायलेंटवर पण वाजतो.

लेन्स १५०-६०० मिमीची होती, ट्रायपॉड जाळीत उघडतच नाही, लेन्स टेकवायला जुन्या पँटच्या पायात मूग भरून शिवलेली पिशवी सगळ्यात बेस्ट.

शेतमालकाला आदल्या दिवशी भेटून विचारा. आमचा म्हणाला, "भिया, बैठो जितना बैठना है, बस खड़ी फसल में पाँव मत धरना." आणि मग अर्धा तास हरभरा किती खाल्ला, घोडारोजनी (म्हणजे नीलगायींनी) गहू कसा तुडवला हे ऐकवलं, "फोटू खींचने वाले बहुत आते हैं, भगाने वाला कोई नहीं आता." यावर काय बोलणार, चहा प्यालो. साडेनऊला त्यानं पाण्याची मोटार सुरू केली की माळ रिकामा, तोपर्यंत उठून या.

देवासला पोहे खाल्ले. अलार्मच्या आधीचा एक फोटो प्रिंट करून त्या शेतकऱ्याला द्यायचाय, मामा म्हणतो घोडारोजचा पण एक दे, तक्रारीला जोडायला होईल.