‘मुद्दा नाही, शून्य द्या’

अंबाजोगाईत आम्ही काही कनिष्ठ महाविद्यालयं बारावीच्या सराव परीक्षेचे पेपर अदलाबदल करून तपासतो. इतिहासाचा पेपर कुणी वाचत नाही, त्यात मुद्दे शोधतात. अधोरेखित शब्द दिसला की टिक आणि पुढचं पान. नाहीतर गठ्ठा हलत नाही.

विधान होतं, ‘अणुबॉम्बमुळे दुसरे महायुद्ध संपले.’ सकारण स्पष्ट करा, मार्क तीन. नमुना उत्तर: ६ ऑगस्ट १९४५ हिरोशिमा, ९ ऑगस्ट नागासाकी, १५ ऑगस्ट शरणागती. बहुतेकांनी तेच उतरवलं. एका उत्तरपत्रिकेत मात्र अधोरेखन नाही, नुसत्या तीन ओळी: ‘पहिल्या बॉम्बनंतर तीनच दिवस थांबले. तेवढ्यात जपानने काय ठरवायचं? मग दुसऱ्या गावाने काय केलं होतं?’

शेजारचे सर म्हणाले, “एवढं काय वाचायलेत सर? मुद्दा नाही, शून्य द्या.” सर झपाट्याचे, पण उत्तर वाचायचं त्यांनी कधीच सोडलंय.

हिरोशिमावर बॉम्ब टाकण्याच्या समर्थनाची बाजू मी वर्गात मांडतो. ओकिनावा बेटावरच्या लढाईत माणसं कशी पडली ते सांगतो, जपानच्या क्यूशू बेटावर नोव्हेंबरात अमेरिकी फौजा उतरणार होत्या ते सांगतो. चीनमध्ये तर युद्ध लांबेल तशी माणसं मरतच होती. पण नागासाकी त्यात बसत नाही. दुसऱ्या बॉम्बसाठी वेगळा निर्णय झालाच नाही. पुढचे बॉम्ब तयार होतील तसे टाका, असं अमेरिकेच्या २५ जुलैच्या आदेशातच होतं. हवा बिघडणार म्हणून ११ ऑगस्टचा बेत ९ वर आणला. मूळ लक्ष्य कोकुरा शहर, ते वरून दिसेना म्हणून विमान नागासाकीकडे वळलं. त्याच पहाटे सोव्हिएत फौजा जपानच्या ताब्यातल्या मांचुरियात घुसल्या होत्या. नागासाकीची बातमी जपानच्या युद्धमंडळाची बैठक चालू असतानाच पोचली, तरी त्यातले सहा जण शरणागतीच्या अटींवर तीन-तीन असेच फुटलेले राहिले. शरणागतीचा कौल रात्री सम्राटाने दिला. वर्षाअखेरपर्यंत नागासाकीत सुमारे ७०,००० माणसं गेली. एवढ्या माणसांचा जीव हवेच्या अंदाजावर ठरला, हे मला पचत नाही.

मी तीनपैकी तीन दिले. फेरतपासणीत त्याचा एक झाला, शेरा ‘विषयांतर’. त्या शेऱ्याचा मला फार राग आला. अख्ख्या गठ्ठ्यात विषयाला हात घातला होता तो याच पोराने.

पुढच्या वर्षीचा पेपर मी काढतो, असं समन्वयकांना सांगून आलोय. प्रश्नही ठरलाय: ‘नागासाकीवरील बॉम्बहल्ला समर्थनीय होता का? आपले मत नोंदवा.’ सोबत नमुना उत्तर द्यावं लागतं, तिथे अडलोय.