नारिंगी लाइनवरच्या मावश्या

बुसानमध्ये आल्या आल्या कामाचे दोन कोरियन शब्द शिकलो, ते वर्गात नव्हे, हॉटेलांच्या दारात. एक 'होन्जा', म्हणजे एकटा. दुसरा 'इमो', म्हणजे मावशी. क्रमही हाच. आधी एकटेपणा पदरात पडला, मावशी नंतर भेटली.

होन्जाची गोष्ट थोडक्यात. घरी कधी न खाल्लेलं डुकराचं मटण इथे खायचंच, असा मनाचा हिय्या करून एका संध्याकाळी मी एका भाजक्या मटणाच्या दुकानात शिरलो. टेबलाच्या मधोमध शेगडी, तिच्यावर जाळी, आणि आजूबाजूला नुसता धूर आणि हशा. दारातल्या बाईंनी माझ्या मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. "होन्जा?" मी एक बोट वर केलं. त्यांनी दोन बोटं वर केली. निदान दोन माणसांचं घ्यावं लागेल. त्यांचंही चूक नव्हतं. एका माणसासाठी निखारे पेटवायचे, बारा वाट्या मांडायच्या, वर पानं, लसूण, मिरच्या, परवडणार कसं? पण भूक लागलेल्या माणसाला धंद्याचं गणित पटत नाही. दोन माणसांचं मी एकट्याने सहज संपवलं असतं. पण तत्त्वाचा प्रश्न म्हणून बाहेर पडलो आणि खोलीवर जाऊन तत्त्वाबरोबर मॅगीसारखं काहीतरी खाल्लं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याला हे सांगितलं. तो म्हणाला, तू चुकीच्या दुकानात गेलास. जिथे म्हातारी इमो असेल तिथे जा. इमो म्हणजे आईची बहीण, सख्खी मावशी; पण साध्या खानावळीत वाढणाऱ्या कुठल्याही बाईला 'इमो' अशीच हाक मारतात. वडिलांच्या बहिणीला वेगळा शब्द आहे, 'गोमो'. त्या नावाने मात्र खानावळीत कुणी हाक मारत नाही. हे ऐकून मला परक्या देशात पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं. आपल्याकडेही मेसमध्ये पोळ्या लाटणारी मावशी असते, डबा देणारी मावशी असते. आत्याला हाक मारून कुणी जादा भाजी मागत नाही.

बुसानच्या मेट्रोची पहिली लाइन नारिंगी रंगाची. उत्तरेला डोंगराच्या बाजूने निघते आणि शहराच्या पोटातून खाली समुद्राकडे जाते. माझी राहायची जागा, विद्यापीठ आणि माझ्या सगळ्या मावश्या या एकाच लाइनवर. हैउन्देचा प्रसिद्ध किनारा, काचेचे मनोरे, तिथली चकचकीत हॉटेलं या लाइनवर नाहीत, त्यामुळे माझ्या जेवणातही नाहीत.

सोम्यॉन स्टेशनला उतरून बाजाराकडे वळलं की गुकबापवाल्यांची गल्ली लागते. दारातच भलीमोठी पातेली उकळत असतात. गुक म्हणजे रस्सा, बाप म्हणजे भात. (घरी फोनवर "आज बाप खाल्ला" असं सांगायचं नाही, हे मी लवकर शिकलो.) द्वेजी-गुकबाप म्हणजे डुकराच्या हाडांच्या पांढरट रश्शातला भात. माझ्या मावशीचं दुकान या गल्लीच्या थोडं पुढे, सहा टेबलांचं. ती वाडग्यात भात घेते, त्यावर पळीभर उकळता रस्सा ओतते, पळीच्या पाठीने भात अडवून तो रस्सा परत पातेल्यात निथळवते. पुन्हा ओतते, पुन्हा निथळवते. चार-पाच वेळा. भाताचं शीत न् शीत आतपर्यंत गरम होतं, पण त्याचा गिच्च गोळा होत नाही. या कृतीला कोरियनमध्ये 'तोर्यॉम' असा स्वतंत्र शब्द आहे. मनगट असं फिरतं की बघत राहावं. आंबोळ्या घालताना माझ्या आजीचं मनगट असं फिरायचं.

रश्शात मीठ जवळपास नसतंच. ते आपण घालायचं, आणि मीठ म्हणून समोर येते ती छोट्या वाटीत खारवलेली कोळंबी, नखाएवढी, गुलाबी-करडी. वाटी पहिल्यांदा जवळ ओढली आणि वास आला तेव्हा मी दचकलोच. हा तर आमचा जवळा! आम्ही तो वाळवतो, हे मिठात मुरवतात, एवढाच फरक. शेजारी हिरव्या पातीचा ढीग, लसणीच्या पातीच्या चवीचा. सोलवाले तिला 'बूचू' म्हणतात. बुसानमध्ये बूचू म्हणालात तर मिळते, पण 'जॉनगुजी' म्हणालात तर दुप्पट मिळते.

या मावशीने मला बरेच दिवस बुचकळ्यात टाकलं होतं. मी आत शिरलो की ती आतूनच ओरडायची, "बाम मुन्ना?" मला वाटायचं, तिने माझं नाव मुन्ना ठेवलंय. सख्खी आईसुद्धा मला मुन्ना म्हणत नाही. पण मावशीचा हक्क म्हणून मी "हो" म्हणत बसायचो आणि ती चमत्कारिक नजरेने बघायची. महिन्याभराने उलगडा झाला. ही बुसानची बोली. अर्थ, "जेवलास का?" म्हणजे मी रोज खानावळीत येऊन, जेवलास का या प्रश्नाला हो, जेवलो असं सांगून, वर जेवायला बसत होतो.

मिलम्यॉनची दुकानं मात्र उन्हाळ्यातली. जुलै-ऑगस्टमध्ये बुसानला आपल्या किनाऱ्यासारखाच घाम येतो. मिल म्हणजे गहू. गव्हाच्या लांब शेवया बर्फाळ रश्शात, वर तिखटाचा लाल गोळा, काकडी, अर्धं अंडं. मावशी कात्री घेऊन येते आणि वाडग्यातल्या शेवया उभ्या-आडव्या कापून जाते. पहिल्यांदा जेवणाच्या ताटाशी कात्री बघून मी हात मागे घेतला होता. हा पदार्थ कोरियन युद्धातला. 1950 ते 53 या काळात उत्तरेकडून निर्वासितांचे लोंढे बुसानला आले. त्यांना सवय थंड शेवयांची. पण त्यासाठी लागणारं बकव्हीट, म्हणजे कुट्टू, आणि स्टार्च मिळेना. मिळत होतं ते अमेरिकन मदतीचं गव्हाचं पीठ. मग त्याच्याच शेवया केल्या.

हे ऐकलं आणि मला आजीची मिलो आठवली. 72च्या दुष्काळात अमेरिकेहून आलेली ती लाल ज्वारी. माझी आजी माहेरची घाटावरची. ती मिलोचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करायची. भाकरी धड थापली जात नाही, चव नाही, ढोरांचं खाणं. दुष्काळ सरला तशी मिलोही गेली, आणि मागे राहिलं ते फक्त वाकडं तोंड. इथे त्याच मदतीच्या पिठासाठी लोक भर उन्हात रांगा लावतात आणि कुठल्या दुकानाचं मिलम्यॉन खरं यावरून भांडतात. मिलोचं कुणी असं काही केलं असतं का, कोण जाणे. आजीने तरी नसतं केलं.

लाइनच्या दक्षिणेला नाम्पो आणि जागाल्ची, लागोपाठची दोन स्टेशनं. जागाल्ची मासळीबाजारात रबरी बूट आणि फुलाफुलांचे अ‍ॅप्रन घातलेल्या बायकांचं राज्य. त्यांना इथे 'आजिमे' म्हणतात, आणि त्यांची आरोळी सगळ्या शहराला पाठ: ओइसो, बोइसो, साइसो. या, बघा, घ्या. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात वाढलेल्या माणसाला भाषांतराची गरज नाही. घासाघीस करताना आजिमे हात कमरेवर ठेवते तो थाटही ओळखीचा. चंदेरी पट्ट्यासारखी गाल्ची मिळते. ती आमच्या वाकटीच्याच जातीची, फक्त चांगली लांबलचक आणि चार बोटं रुंद. खाली जिवंत मासा निवडायचा आणि वरच्या मजल्यावर जाऊन खायचा, अशी सोय आहे. तीही घोळक्याने आलेल्यांसाठी. होन्जाने पलीकडच्या गल्लीत जाऊन गो-गाल्बी खावी.

गाल्बी म्हणजे बरगडीचं मटण, महागडी चैन. 'गो' हा गोदुंगॉ या शब्दातला, म्हणजे आपल्या बांगड्याचा थोराड चुलतभाऊ. बरगडी परवडत नसलेल्या विद्यार्थ्यांनी भाजलेल्या बांगड्यालाच गाल्बी म्हणायला सुरुवात केली आणि नाव चिकटलं. सुक्या बोंबलाला पापलेट म्हणावं तसं. मासा पाठीतून उघडून, मीठ लावून भाजलेला. छान लागतो, पण खोटं कशाला सांगू, पहिल्या घासाला जीभ तिरफळ शोधते.

आणि ते तिरफळ मला सापडलं. विद्यापीठामागच्या एका बोळात चुऑथांगचं दुकान आहे. भातखाचरातले छोटे चिखलमासे उकडून, वाटून, पालेभाजी घालून केलेला रस्सा. दिसायला अगदीच बेताचा. टेबलावर तिखटाच्या डबीशेजारी आणखी एक छोटी डबी होती, आत हिरवट-तपकिरी पूड. मी झाकण उघडलं आणि हात तिथेच थांबला. ओल्या लाकडाचा, लिंबाच्या सालीचा, किंचित साबणाचा असा तो वास. पावसाळ्यात आमच्या परड्यातल्या काटेरी झाडाखाली जो वास यायचा तोच. चिमूटभर जिभेवर ठेवली. जीभ बधिर झाली. मावशी धावत आली. तिला वाटलं, पाहुण्याने चुकून तोंडात टाकली. ही 'जेपी', ती सांगू लागली, थोडी घालायची, थोडीच. बुसानच्या बाजूचे लोक ही पूड आवडीने खातात. झाड आपल्या तिरफळाच्याच कुळातलं, सख्खं नाही तरी भावकीतलं. त्या दिवशी मी ते चिखलमाशाचं सार दोनदा मागून घेतलं, मुख्यतः डबीसाठी. पुढच्या खेपेला गावाहून तिरफळं आणून तिला दिली. तिने एक फोडलं, हुंगलं, मान डोलावली आणि म्हणाली, आमची बारीक असतात. कोकणातलं कुणी असतं तर याच सुरात म्हणालं असतं.

इथे भारतीय हॉटेलंही आहेत. आचारी बहुतेक नेपाळी, रस्सा गोडसर, नान उशीएवढा. घरची आठवण आली की तिथे जातो आणि आठवण वाढवून परत येतो. त्यापेक्षा नाम्पोचं होत्तॉक बरं. तळलेली जाडसर पोळी कात्रीने चिरून आत साखर आणि शेंगदाणे-सूर्यफुलाच्या बिया कोंबतात आणि कागदी कपात उभी करून हातात देतात. पुरण बाहेर सांडतं, शर्टावर पाक गळतो. उभ्याने खायची पुरणपोळी.

मागच्या एप्रिलमध्ये आई आली. रस्त्यारस्त्यावर चेरी फुललेली. तिला आधी लाइनच्या उत्तरेकडच्या बॉमॉसा देवळात नेलं. तेराशे वर्षांहून जुनं बौद्ध देऊळ, आणि त्या भिक्षूंच्या जेवणात कांदा-लसूण वर्ज्य. हे ऐकून आईचं कोरियाविषयीचं मत एकदम सुधारलं. "म्हणजे यांचा बाराही महिने चातुर्मासच म्हणायचा," ती म्हणाली. तरी संध्याकाळी तिला मावशीला भेटायचंच होतं. फोनवर इतकं ऐकलं होतं. मी म्हटलं, तिथे सगळं डुकराचं असतं, तुला चालणार नाही. "मी कुठे जेवणारेय? नुसती बसेन."

नुसतं बसू देईल ती मावशी कसली! आई गुकबाप खाणार नाही म्हटल्यावर ती आत गेली आणि तव्यावर दोन अंडी, गरम भात, भाजलेली समुद्रपानं आणि तिळाच्या तेलात परतलेली पालेभाजी घेऊन आली. यातलं एकही भिंतीवरच्या यादीत नव्हतं. "सॉबिस्स," ती म्हणाली. सर्व्हिस; इथे त्याचा अर्थ फुकट. मग समोर खुर्ची ओढून बसली. दोघी एकमेकींच्या भाषेचा एक शब्द न जाणता बोलत होत्या. आई मराठीत, मावशी बुसानीत. आईने पालेभाजीकडे बोट दाखवून मान हलवली, मावशीने आईच्या बांगड्या हातात घेऊन बघितल्या. मग मावशीने तो प्रश्न विचारला जो इथे नव्या माणसाला हमखास विचारतात: वय काय? आईने बोटांवर त्रेसष्ट दाखवले. मावशीने स्वतःची बोटं मोजली. एकसष्ट. तिने आईचा हात धरला आणि म्हणाली, "ऑन्नी!"

"काय म्हणाली?"

"ताई म्हणाली तुला."

आईने घास खाली ठेवला. "मग ही तुझी खरंच मावशी झाली की रे. पाया पडलास का?"

आईच्या समोर वाद घालण्यात अर्थ नसतो. दोन टेबलांच्या फटीतून मी कसाबसा वाकलो, मावशीच्या रबरी चपलांपर्यंत हात पोचतोय न पोचतोय तोच ती टुणकन उठली. तिला वाटलं, माझा चमचा खाली पडला. आत जाऊन तिने नवा आणून दिला.