व्हिनेगरने उतरलेला रंग

पश्चिम उपनगरातील एका सोसायटीचे सेक्रेटरी एका दुपारी माझ्या दवाखान्यात आले, ते कुत्रे किंवा मांजर न आणता तपकिरी अंड्यांचा ट्रे घेऊन. त्यांच्या मागे वाडा तालुक्यातून दर आठवड्याला गेटवर अंडी विकायला येणारी मावशी उभी होती. मोबाइलवरील एक चित्रफीत पाहून कोणीतरी तिचे अंडे व्हिनेगरने पुसले होते, कापसाला तपकिरी रंग लागला होता आणि पांढरी अंडी चहात रंगवून ती गावठी म्हणून विकली जात आहेत, असा निष्कर्ष काढून मोकळे झालेल्या रहिवाशांनी तिला गेटवर बसायला बंदी केली होती.

"मी रंग कशाला लावू, डॉक्टर? चहापत्ती काय फुकट मिळते?" एवढेच ती म्हणाली.

चहात बुडवलेली अंडी बाजारात येतात, हे खरे आहे. त्यामुळे सोसायटीची शंका वावगी नव्हती. वावगी होती ती परीक्षा. अंडे तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात, त्यातील सुमारे २० तास ते अंडनलिकेतील कवचग्रंथीत असते आणि प्रोटोपॉर्फिरिन नावाचे रंगद्रव्य त्यावर मुख्यतः घालण्याआधीच्या शेवटच्या काही तासांत चढते. म्हणजे हा रंग कवचाच्या सर्वांत बाहेरच्या थरात असतो. व्हिनेगर कवचातील कॅल्शियम कार्बोनेट विरघळवते, बुडबुडे येतात आणि वरच्या थरासोबत रंगही सुटतो, मग तो कोंबडीने दिलेला असो वा माणसाने.

हे तोंडी सांगून सेक्रेटरींना पटले नसते, आणि पटू नये हेही बरोबरच. कुत्र्या-मांजरांच्या गजकर्णाच्या तपासणीसाठी माझ्याकडे अतिनील किरणांचा वूड्स दिवा आहे. कोपऱ्यावरच्या दुकानातून एक पांढरे अंडे आणवून ते कडक चहाच्या पाण्यात ठेवले, त्यावर पुरेसा रंग चढल्यावर मावशीच्या अंड्यांशेजारी मांडले, खिडकीचे पडदे ओढले आणि दिवा लावला. मावशीची अंडी निखाऱ्यासारखी लाल चमकू लागली, कारण प्रोटोपॉर्फिरिन अतिनील प्रकाशात लाल उजळते. चहातले अंडे मात्र काळवंडलेले, निस्तेज राहिले. मग मी तिचे एक अंडे फोडून आतला पापुद्रा सोलला. कवच आतून फिकट पांढरे होते आणि कुठल्याही छिद्रातून रंग आत झिरपल्याची खूण नव्हती.

सेक्रेटरींनी तरी एक हरकत घेतलीच: एकाच ट्रेमध्ये काही अंडी गडद आणि काही फिकट का? प्रश्न चांगला होता. कोंबडीचे वय वाढले की रंग उतरतो, ती घाबरली किंवा तिला संसर्गजन्य ब्राँकायटिससारखा आजार झाला तरी कवच फिकट पडते. उलट, सगळी अंडी एकाच छटेची असती, तर मला अधिक संशय आला असता.

त्यानंतर मी मावशीला कोंबड्यांविषयी विचारले. गडद लालसर पिसे, काळपट शेपटी, कानाची पाळी लाल, अंडे गावठीपेक्षा बरेच मोठे, असे वर्णन तिने केले. ही ऱ्होड आयलंड रेड. मलायाहून आलेले लाल कोंबडे आणि स्थानिक कोंबड्या यांच्या संकरातून ही जात १९व्या शतकात अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात, लिटल कॉम्प्टन परिसरात घडली आणि १९५४ मध्ये त्या राज्याने तिला आपला राज्यपक्षी केले. परसात चरून, फारसे लाड न करता भरपूर अंडी देते, म्हणून ती आपल्याकडेही रुजली. तेव्हा मावशीच्या ट्रेवरची 'गावठी' ही पाटी काटेकोरपणे खरी नव्हती, हेही मला सांगावे लागले.

ते ऐकताच सेक्रेटरींचा चेहरा खुलला. गावठी नाहीत, तर दर कमी करा, असे ते म्हणाले. कवचाच्या रंगाने अंड्याचे पोषण ठरत नाही, हे मी मुद्दाम सांगितले, कारण गावठीचा जादा दर बऱ्याच अंशी रंगावरच मोजला जातो. मावशीने मात्र दर उतरवला नाही. "पाटी बदलते, साहेब," ती म्हणाली, "पण मक्याचा भाव तुम्ही कमी करून द्या." घासाघीस गेटवर करावी, असे सांगून मी दोघांनाही बाहेर काढले, बाहेर एक लॅब्राडोर लसीसाठी केव्हाचा ताटकळत होता.