नॅरोगेजचे डबे नव्या घरी पोचवताना : माझा अनुभव

संग्रहालयातल्या नॅरोगेज रेल्वेच्या पाच गाड्या उचलून नव्या जागी ठेवायला प्रत्यक्षात नऊ दिवस लागले. त्यातल्या एका डब्याचा नंबर कागदाशी जुळवायला अकरा आठवडे. म्हणून हे लिहितोय, आणि बरंचसं त्या नंबराबद्दलच लिहिणार आहे.

आमच्या भागात एका विश्वस्त संस्थेचं उघड्यावरचं छोटं रेल्वे संग्रहालय होतं. जागेचा करार संपला, बंद करायचा ठराव झाला. दोन प्रवासी डबे, एक बंद मालडबा, एक गार्डाचा डबा आणि एक ढकलट्रॉली, सगळं अडीच फुटी, म्हणजे 762 मिलिमीटर गेजचं (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर). विदर्भात ही गेज कुणाला समजावून सांगावी लागत नाही. मूर्तिजापूर–यवतमाळ 113 किलोमीटर आणि मूर्तिजापूर–अचलपूर 76 किलोमीटर एकेकाळी धावणारी शकुंतला याच गेजची. नागपूर–छिंदवाडा 2015 मध्ये आणि नागपूर–नागभीड 2019 मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली, तीही हीच. त्यामुळे डबा मागणारे भरपूर मिळाले: शाळा, एक कॉलेज, दोन ग्रामपंचायती, शेतावर वाचनालय करू पाहणारे एक गृहस्थ. आम्ही एकच अट ठेवली. आधी शेड उभी करा, पत्रे चढल्याचा फोटो पाठवा, मग डबा. सागवानी सांगाड्यावर लोखंडी पत्रा असलेला डबा खालच्या कडेपासून सडतो, कारण पाणी पत्र्याच्या मागून उतरून तिथंच साचतं. शेडविना दोन पावसाळे काढलेला डबा दुरुस्त करण्यापेक्षा दोन महिने थांबलेलं परवडतं.

आता नंबर.

डबे संस्थेला मिळाले तेव्हा ‘फक्त प्रदर्शनासाठी’ अशी अट होती. म्हणून दुसऱ्याला देण्याआधी ना-हरकत पत्र हवं होतं. ते ज्या कार्यालयाकडून यायचं, तिथं अर्ज, ठराव आणि फोटो दिले. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: कागदातला नंबर आणि फोटोतला नंबर वेगळा आहे, खुलासा करावा. खुलासा दिला. पुन्हा तीन आठवडे. मग दुसरा आक्षेप: बोगीवरचा, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यावरचा, नंबर तिसराच आहे. तोही खुलासा दिला. मग तिसरा: ॲक्सल बॉक्सच्या, म्हणजे चाकाच्या दांड्याच्या टोकावरच्या पेटीच्या, झाकणावर वेगळ्या रेल्वेची अक्षरं आहेत. हे तिन्ही आक्षेप पहिल्याच दिवशी, त्याच फोटोंवरून काढता आले असते. एकाच पत्रात आले असते तर सहा आठवडे वाचले असते आणि आमचा उन्हाळा हातचा गेला नसता. अजूनही त्याचा राग आहे.

पण आक्षेप का आले, ते समजून घेतलं पाहिजे, कारण जुना डबा हलवणाऱ्या प्रत्येकाला ते येणार. नागपूरकडच्या या मार्गांवरचे डबे आधी बंगाल नागपूर रेल्वेचे. ती 1944 मध्ये सरकारकडे गेली, 1952 मध्ये पूर्व रेल्वेत गेली, 1955 मध्ये दक्षिण पूर्व रेल्वे झाली आणि 2003 पासून हा भाग दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत आहे. दरवेळी डब्यावरची अक्षरं बदलली, कधी आकडेही. त्यात संग्रहालयाच्या पेंटरनं आमच्या डब्यावर दोन आकड्यांची अदलाबदल केली होती. बोगीचा नंबर डब्याचा नसतोच; वर्कशॉपमध्ये डबा एका बोगीवरून उतरून दुसरीवर चढतो. ॲक्सलच्या टोकावर ठोकलेला नंबर त्या चाकजोडीचा. आणि ॲक्सल बॉक्सची ओतीव झाकणं तर हाताला लागतील ती बसवलेली असतात, त्यावरच्या ‘बी.एन.आर.’वरून काहीही सिद्ध होत नाही. डब्याचा खरा पुरावा दोनच ठिकाणी मिळतो: सोलबारवर, म्हणजे खालच्या लांब लोखंडी तुळईवर, आणि रंगाच्या थरांत.

सोलबार असा वाचायचा. रॉकेल लावून रात्रभर ठेवा. सकाळी तारेच्या ब्रशनं हलक्या हातानं घासा, ग्राइंडर अजिबात नको. पंचनं ठोकलेले आकडे जेमतेम अर्धा मिलिमीटर खोल असतात, ग्राइंडर ते पुसून टाकतो. कोरडं झाल्यावर खडूची पूड चोळा आणि सपाट फडक्यानं पुसा. खोलगटात पूड राहते, आकडे पांढरे उमटतात.

रंगाखालचा नंबर शोधायला आधी खरवडायला लागू नका. रात्री अंधारात टॉर्च पत्र्याला अगदी टेकवून, बाजूनं आडवा उजेड टाका. हातानं रंगवलेल्या अक्षरांची कड रंगाच्या दहा थरांखालूनही उचललेली दिसते. जागा ठरली की एक वीत उंच आणि दोन फूट लांब एवढीच खिडकी उघडा. रिमूव्हर लावून एकेक थर ओला करून काढायचा, शेवटी पाणी लावून 400 नंबरचा वॉटर पेपर. कोरडं घासायचं नाही. जुन्या रंगात शिसं असतं, ती धूळ छातीत जाते. प्रत्येक थराला फूटपट्टी ठेवून फोटो. आमच्या डब्यावर दुसऱ्या थराखाली कागदातला नंबर जसाच्या तसा निघाला, आणि टोकाच्या पत्र्यावर शेवटच्या पीओएचची, म्हणजे वर्कशॉपमधल्या मोठ्या दुरुस्तीची, तारीखही. नॅरोगेजचं ते काम नागपूरच्या मोतीबागेत व्हायचं. ती तारीख आणि कागदावरची तारीख यांचा मेळ बसला, आणि तिथून फाइल हलली.

हे सगळं एका पानावर मांडलं: डाव्या रकान्यात नंबर कुठं आहे, मधे काय आहे, उजवीकडे तो कशाचा आहे आणि पुरावा फोटो क्रमांक कोणता. सोबत कार्यालयाच्या माणसासमोर संयुक्त पाहणी करून दोघांच्या सह्यांचा अहवाल. हे पान अर्जासोबतच पहिल्या दिवशी द्या. आम्ही दिलं असतं तर बरं झालं असतं. पत्र हातात आलं त्या दिवशी खरोखर हलकं वाटलं. तारीख होती जूनच्या तिसऱ्या आठवड्यातली.

पाऊस लागला होता. काळ्या मातीत पाऊस पडल्यावर क्रेन वावरातून आत येत नाही. आलीच तर परत जात नाही. पांदण रस्ता तर चिखलाचाच. त्यामुळे उचलण्याचं काम थेट दिवाळीनंतर. तुम्ही ठरवत असाल तर सगळे कागद फेब्रुवारीपर्यंत हातात हवेत आणि उचल मार्च-एप्रिलमध्ये. दिवाळीनंतरही काळी माती वरून कोरडी दिसते आणि आतून ओली असते. क्रेनच्या पायांखाली आधी फूटभर मुरूम, त्यावर आडवे स्लीपर, म्हणजे रुळांखालचे ओंडके.

संस्थेच्या बाजूचे कागद सोपे होते, तरी सांगतो. धर्मादाय कायद्याच्या कलम 36 ची पूर्वपरवानगी स्थावर मालमत्तेला लागते, डबा जंगम आहे. पण संस्थेच्या नोंदीत डबे दाखवलेले असतील तर कलम 22 खाली 90 दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची माहिती, द्या. ठरावात डबा, बोगी, रूळ आणि स्लीपर वेगवेगळे लिहा. आम्ही नुसतं ‘डबा’ लिहिलं होतं, मग रूळ कुणाचे यावर दोन बैठका झाल्या.

उचलताना सर्वांत मोठी चूक होते ती घाईची. डबा बोगीला सेंटर पिव्होटवर, म्हणजे मधल्या खुंट्यावर, बसलेला असतो, पण ब्रेकचे ओढदांडे, सेफ्टी चेन आणि व्हॅक्यूमचे होज दोघांना बांधून ठेवतात. ते न सोडता उचललं तर एका बाजूची बोगी अर्धवट लटकते आणि क्रेनचा तोल जातो. नट गंजलेले असणारच. आठ दिवस आधीपासून रोज डिझेल आणि ऑइल सोडा. न सुटलेला बोल्ट हॅकसॉनं कापा. गॅस कटर नको, शंभर वर्षांचं सुकलेलं सागवान आणि तेलकट धूळ लगेच पेटते. उचलायचे पट्टे बोल्स्टरच्या जागी, म्हणजे डबा जिथं बोगीवर टेकतो त्या आडव्या तुळईपाशी, घ्या, मधोमध घेतले तर दोन्ही टोकं झुकून दारं अडकतात. वरून स्प्रेडर बीम, म्हणजे पट्टे फाकवून धरणारी आडवी तुळई, हवाच, नाहीतर पट्टे छताची कड चेपतात. हायड्रा, म्हणजे चाकांवरची फिरती क्रेन, ठरवताना 14 टनाची आहे एवढ्यावर जाऊ नका. बूम, म्हणजे क्रेनचा हात, लांबवली की क्षमता फार घटते, क्षमतेचा चार्ट मागून बघा.

वजन? टेअर, म्हणजे रिकाम्या डब्याचं वजन, डब्यावर लिहिलेलं असतं, पण आमचं पेंटरनं झाकलं होतं. रिकामा ट्रेलर आणि भरलेला ट्रेलर कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या वजनकाट्यावर तोलला. नोव्हेंबर ते जानेवारी तिथं कापसाच्या गाड्यांची रांग असते, पहाटे जा.

डबा आणि बोग्या वेगळ्या गाड्यांत न्या, त्यानं उंची कमी होते. रस्ता आदल्या दिवशी बांबू घेऊन बघा: विजेच्या लोंबत्या तारा, रेल्वेखालचा बोगदा, बाभळीच्या फांद्या. तारेसाठी लाइन बंद करायचा अर्ज आठवडाभर आधी.

राहून गेलेलं: निघण्याआधी पितळी कड्या, दिवे, खिडक्यांचे पट्टे काढून खोक्यात भरा, प्रत्येकाला चिठ्ठी लावा. रात्रभर डबा रस्त्यालगत राहिला तर पितळ शिल्लक राहत नाही. बाकांखाली साप आणि छताच्या पोकळीत मधमाश्या असतात, म्हणून दोन दिवस आधी दारं उघडी ठेवा. आणि नव्या जागी काँक्रीट ओतण्याआधी गेज रुळांच्या आतल्या कडांमध्ये मोजा, 762. शाळेच्या गवंड्यानं रुळांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं होतं, गार्डाचा डबा बसेना, आणि एक रूळ पुन्हा उखडावा लागला.

नंबरासाठी उघडलेली खिडकी आम्ही रंगवली नाही. त्यावर साधं वॉर्निश मारलं आहे, आणि त्या एका पानाची लॅमिनेट केलेली प्रत दाराच्या आत स्क्रूनं लावली आहे.