नऊ एक

जेवणानंतर जरा डोळा लागणार, तेवढ्यात शेजारची पोरगी फोन घेऊन आली. १११११११११ असे नऊ एक ओळीनं मांडून तिनं त्या आकड्याला त्यानंच गुणलं होतं. उत्तर आलं १२३४५६७८९८७६५४३२१.

"काका, भारी ना?"

भारी होतंच. पण मी आधी अंकांची बेरीज करायला लागलो. मोठा आकडा दिसला की बेरीज करायची, ही खोड मला सांगलीच्या गणपती पेठेत लागली, आजोबांच्या अडत दुकानात. शाळा सुटली की मी तिथं हळदीच्या पोत्यावर. समोर दिवाणजी. त्यांच्या नखांत हळद इतकी मुरलेली की चोपडीची पानं कडेनं पिवळी पडायची. बेरीज खालून वर करायचे आणि नवाचा ताळा, म्हणजे अंकांची बेरीज एका अंकावर आणून पडताळा, घेतल्याशिवाय खाली रेघ मारायचे नाहीत. अर्थात नवाच्या ताळ्याला आकड्यांची उलटापालट कळत नाही. २८२५ चे २२८५ लिहिले गेले तरी ताळा जुळतो, रोकड तेवढी जुळत नाही. फरक येतो ५४० चा. मग दिवाणजी त्या फरकालाच नवानं भागायचे. भाग पुरता गेला की चष्मा वर सारून म्हणायचे, "आकडं उलटं पडल्यात बघ कुठंतरी," आणि मागची पानं चाळायला लागायचे. बहुतेकदा सापडायचं. नाही सापडलं तर चहा मागवायचे.

तर बेरीज आली ८१, आणि त्या अख्ख्या आकड्याला ८१ नं पुरता भाग जातो. आपल्याच अंकांच्या बेरजेनं भागल्या जाणाऱ्या अशा संख्येला देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर हर्षद म्हणायचे. ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’मुळे ते जगभर ठाऊक झाले, पण हे चढउताराचे आकडेही त्यांचे लाडके. डोंबिवली, म्हणजे तेव्हाच्या डेमलो स्टेशनात सुचले म्हणून त्यांना नाव दिलं डेमलो. स्टेशनात आम्हाला फार तर वडापाव सुचतो.

"दहा एक घेतले तर?" पोरगी.

कागदावर मांडून दाखवलं. एकेक घर सरकत ओळी उतरतात, मधल्या घरात नऊपर्यंत सगळं सुरळीत. तिथं दहा झाले की हातचा येतो आणि होतं १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीतला आठ गायब, शेंड्यावर दोन शून्यं. तिचा विरस झाला. मी मात्र नऊ एक फोडायला घेतले: ९ गुणिले ३७ गुणिले ३३३६६७. हा शेवटचा आणखी फुटतो का? ५७७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, बस्स.

"फोनला विचारा की," म्हणून ती खेळायला गेली.

विचारणार नाही. ९७ पर्यंत आलोय, आता १०१.