तुम्ही विचारलंत म्हणून: मागच्या दोन खोल्यांबद्दल

"बाई, अनोळखी माणसांना घरात घेतलंतच कशाला?" हा एक प्रश्न. आणि पावसाळ्यात कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आली की दुसरा: "मागच्या दोन खोल्या रिकाम्याच आहेत ना? कुणाची सोय होईल का?" कधीकधी हे दोन्ही प्रश्न एकच माणूस विचारतो. म्हणून एकदाच लिहून टाकते.

ऑगस्ट 2019 सांगलीकरांना सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 45 फुटांना धोक्याची पातळी, पाणी 57 च्याही वर गेलं. विश्रामबागेत आमच्या गल्लीत थेंब आला नाही. मी एकटी, वय 70, परसात दोन खोल्या बंद. ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारी बोट उलटल्याचं कळलं त्या दिवशी मला घास गिळेना. शाळेतल्या छावणीत जाऊन मी स्वतः त्यांना घेऊन आले: टेम्पो चालवणारा माणूस, त्याची बायको आणि चौथीतली मुलगी. पाणी उतरेपर्यंत राहा, एवढंच बोलणं झालं.

पाणी उतरलं. त्यांची भाड्याची खोली राहण्यासारखी उरली नव्हती. कागदपत्रांचा लगदा झाला होता. आधारवर पत्ता हवा म्हणून त्यांनी माझं लाइट बिल मागितलं, मी दिलं आणि सोबत सही करून चिठ्ठीही दिली. दिवाळीनंतर तो दर महिन्याला फोनवरून 800 रुपये पाठवायला लागला. "फुकट राहायला बरं वाटत नाही, निदान लाइटचे तरी घ्या." मला त्याचा तो स्वाभिमान आवडला होता.

मुलगा पुण्याहून बजावत होता, पोलिसांत कळव, करार कर. मी म्हणाले, चिखलातून आलेल्या माणसापुढे कागद कसला ठेवतोस? या वाक्यावरून मी आजही स्वतःशी भांडते. किती दिवस, कशासाठी, भाडं नाही, एवढं लिहून दोघांनी सही केली असती तर त्यांचा अपमान झाला नसता. मला तेव्हा उपकार करणारी दिसायचं होतं, व्यवहार करणारी नाही. हे कबूल करायला मला फार वेळ लागला.

पण ती माणसं लबाड होती असं मी म्हणणार नाही. लॉकडाऊन लागला, टेम्पो उभा राहिला, ते जाणार कुठे? जून 2020 मध्ये मी न्हाणीघरात पडले. त्याची बायको आठ रात्री माझ्या खाटेशेजारी चटई टाकून झोपली. मुलगा व्हिडिओ कॉलवर होता. जे मला "तुम्हाला कळायला हवं होतं" म्हणतात, त्यांच्यापैकी त्या आठ रात्रींत कुणी आलं नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये मी म्हटलं, दसऱ्यापर्यंत खोल्या मोकळ्या करा. तो मान खाली घालून म्हणाला, "बाई, आता आधारपण इथलंच आहे." तो अडचण सांगत होता की धमकी देत होता? तेव्हा मला धमकीच ऐकू आली. आज खात्री नाही. पण आठवड्याने तो एका कार्यकर्त्याला घेऊन आला आणि तो माणूस माझ्या ओसरीवर बसून म्हणाला, "हे भाडेकरू आहेत, दर महिन्याचे पैसे आहेत." तेव्हा माझे पाय थरथरायला लागले ते खरं होतं.

पोलीस म्हणाले, दिवाणी बाब आहे. वकिलांनी समजावलं: 1999 च्या भाडे कायद्यात करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकावर, आणि कागद नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं. गोव्यातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये म्हटलंय, की फुकट राहू दिलेल्या माणसाला कितीही वर्षांनी जागेवर हक्क मिळत नाही. पण ते 800 रुपये लाइटचे होते हे मला कोर्टात सिद्ध करावं लागणार. 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा मुलं-नातेवाईक सांभाळत नसतील तर उपयोगी, माझ्यासारखीला नाही. "आणि कुलूप बदलायचं मनातही आणू नका," ते म्हणाले, "जबरदस्तीने बाहेर काढलंत तर सहा महिन्यांच्या आत दावा लावून ते परत आत येतील."

कुलूप मी बदललं नाही. पाणी तोडलं.

मागच्या नळाचा कॉक माझ्या स्वयंपाकघराबाहेर, तुळशीच्या कट्ट्याखाली आहे. गंजलेला होता. पहाटे पाचला मी तो उकिडवं बसून दोन्ही हातांनी फिरवला. तळव्यावर तांबडा गंज उमटला. आत येऊन साबणाने हात धुतले, चहा ठेवला. मला समाधान वाटत होतं, ते लपवत नाही. सव्वाआठला जाळीच्या दारापाशी ती मुलगी आली. हातात निळी बादली, केस न विंचरलेले. "आजी, नळाला पाणी नाही. आईला ताप आहे." मी म्हणाले, "टाकी संपलीय बाळा." त्याच क्षणी गच्चीवरची टाकी भरून वाहत होती. पाणी पन्हळीतून तिच्या मागेच पायरीवर पडत होतं. तिने मागे वळून त्या पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काही बोलली नाही. मग तिने बादली त्या धारेखाली ठेवली, भरू दिली आणि दोन्ही हातांनी उचलून, सांडत सांडत घेऊन गेली.

ज्या बाईने आठ रात्री मला पाणी पाजलं, तिला ताप होता. छत्तीस वर्षं मी शाळेत मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं. कॉक मी दुपारी उघडला. त्यांच्याकडून त्याबद्दल कधी शब्द आला नाही.

फेब्रुवारी 2021 मध्ये त्याच कार्यकर्त्याच्या मध्यस्थीने मिटलं. मी 40 हजार रुपये दिले, त्यांनी शंभराच्या स्टॅम्पपेपरवर जागा सोडल्याचं लिहून दिलं. त्यांना ते पैसे हवेच होते. मला ते खंडणीसारखे वाटले. दोन्ही खरं असेल. टेम्पोत सामान चढलं तेव्हा मी आत होते.

त्याच वर्षी जुलैत पाणी पुन्हा 50 फुटांच्या वर गेलं. त्या रात्री मी गेटला कुलूप घातलं आणि रस्त्यावरून दिसू नये म्हणून पुढच्या खोलीचा दिवा लावला नाही. कुणी हाक मारली का? एकदा मारल्यासारखी वाटली. सकाळी साठ चपात्या लाटून छावणीत पोचवल्या. शेजारी म्हणाले, "आता शहाण्या झालात." मला ते अजून लागतं.

आता कुणी विचारलं की खोल्या देता का, तर मी सांगते: कागद आधी, पोलिसांत नोंद आधी, तारीख लिहून. ते "हो हो" म्हणतात आणि परत येत नाहीत. कागदाला घाबरतात की मला, माहीत नाही. गेल्या महिन्यात प्लंबर आला होता. मागचा कॉक जाम झालाय, बदलू का म्हणाला. मी नको म्हणाले. उघडा आहे, तो तसाच जाम राहू दे.