तुम्ही विचारलंत म्हणून: आखाड्यावरचे सहा खून

"भाऊसाहेब, त्या जर्मनीतल्या खुनाचं काय झालं हो पुढं?"

हा प्रश्न मला परभणीच्या भाजीबाजारात, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा तर राख सावडायला गेलो तिथंही विचारला गेलाय. त्याच्या मागून दुसरा येतोच, जरा टोचून: "आपल्याकडं काय खून कमी पडले का तुम्हाला?" आजवर दोन्ही हसण्यावारी नेले. तुम्ही मात्र पोस्टकार्डावर चार ओळी लिहून विचारलंत. आलेल्या कार्डाला उत्तर न देणं आमच्या घरात पाप समजतात, म्हणून लिहायला बसलोय.

आधी खून सांगतो. बव्हेरियात, म्युनिकच्या उत्तरेला साधारण सत्तर किलोमीटरवर ग्रोबर्न नावाचं खेडं आहे. खेड्यापासून जरा दूर, रानाच्या कडेला एक एकटं घर होतं. लोक त्याला हिंटरकाइफेक म्हणत, म्हणजे काइफेक या वाडीच्या मागलं. जर्मन कागदात असल्या घराला 'आइनोड' म्हणतात. शब्दकोशात बघाल तर ओसाड जागा, निर्जन माळ असले अर्थ निघतात. आपल्या परभणी-हिंगोलीकडं ज्याला आखाडा म्हणतात तेच ते. गावाबाहेर शेतात बांधलेलं घर, गोठा, वैरण, एक कुत्रं, आणि रात्री हाक मारली तरी ऐकू न जाणारे शेजारी.

३१ मार्च १९२२, शुक्रवार. त्या रात्री घरात सहा माणसं होती. आंद्रेआस ग्रुबर, वय ६३. त्याची बायको त्सेत्सिलिया, ७२. त्यांची विधवा मुलगी व्हिक्टोरिया, ३५. तिची सात वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा. सहावी मारिया बाउमगार्टनर, ४४ वर्षांची मोलकरीण, जी त्याच दुपारी कामाला आली होती. तिची बहीण तिला पोचवायला आली, थोडा वेळ थांबली आणि परत गेली. मला या सगळ्या प्रकरणात त्या बहिणीचाच विचार जास्त येतो. असो. रात्रीत सहाही जण कुदळीच्या जातीच्या हत्यारानं मारले गेले. प्रेतं सापडली मंगळवारी, ४ एप्रिलला. मधल्या दिवसांत जनावरांना वैरण-पाणी झालेलं होतं, धुराड्यातून धूर निघताना लोकांनी पाहिला होता. मंगळवारी तर एक मेकॅनिक येऊन गेला. कुणी दिसेना म्हणून थोडा वेळ थांबला, इंजिन दुरुस्त केलं आणि निघून गेला.

पोलिसांनी एक लाख मार्कांचं बक्षीस लावलं. पुढच्या वर्षी घर पाडलं तेव्हा हत्यार माळ्यावर सापडलं. तपासासाठी सहाही जणांची शिरं धडावेगळी करून म्युनिकला नेली होती, ती दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत हरवली. वाइडहोफेनच्या दफनभूमीत सहाही जण शिरावाचून पुरलेले आहेत. १९५५ साली फाइल बंद झाली, तरी १९८६ पर्यंत कुणा ना कुणाचा जबाब घेणं चालूच होतं. खुनी सापडला नाही. म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे: पुढं काही झालं नाही.

आता मी यात कसा पडलो ते. चाकरी कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली. आजोबा निजामाच्या अमलात अर्जनवीस होते, कचेरीबाहेर चटई टाकून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. त्यांनी मला उर्दू शिकवलं, तेही छापील नाही, शिकस्ता, म्हणजे घाईत लिहायचं मोडकं वळण. घाईत लिहिणारा कारकून नुक्ते, म्हणजे अक्षरांची टिंबं, द्यायचं टाळतो. नुक्ता नसला की बे, पे, ते सगळे एकाच घरचे भाऊ. 'नुक्ते के फेर से ख़ुदा जुदा', एक टिंब हललं की खुदाचा जुदा होतो, हे आजोबा रोज ऐकवायचे. म्हणजे अंधारात अक्षर चाचपडायची सवय लहानपणापासूनची.

२०२० च्या टाळेबंदीत मुलगी पुण्याहून इथं अडकली. ती एका जर्मन कंपनीच्या कामासाठी जर्मन शिकत होती, आणि करायला दुसरं काही नाही म्हणून मीही तिच्या शेजारी बसू लागलो. भाषा यथातथाच आली. लिपी मात्र डोक्यात बसली. त्या काळी जर्मन लोक हातानं कुरेंट नावाच्या लिपीत लिहायचे. १९४१ साली ती शाळांतून काढून टाकली, त्यामुळे आजच्या तरुण जर्मन माणसाला स्वतःच्या पणजोबांचं पत्र वाचता येत नाही. आपल्याकडं मोडीचं झालं तेच. कुरेंटमधला 'ए' हुबेहूब 'एन' सारखा दिसतो, 'यू' ओळखायचा तर डोक्यावरची बारकी चंद्रकोर शोधायची, आणि शब्दाच्या मधला लांब 'एस' बघून हटकून 'एफ' वाटतो. पहिले तीन आठवडे मी प्रत्येक 'ए' ला 'एन' वाचत होतो. मग मुलगीच म्हणाली, "बाबा, वाचू नका, आधी लिहा." शाईचं पेन आणि दोनशे पानी वही आणली, बाराखडी गिरवावी तशी ती लिपी गिरवली. हात वळला तेव्हा डोळे उघडले.

जर्मनीत या खुनामागे लागलेली हौशी मंडळी पुष्कळ आहेत, लिपी येताच मीही त्यांच्यात मिसळलो. त्यात पोलीस कमी, निवृत्त शिक्षक, अभियंते, घराण्यांच्या वंशावळी काढणारे जास्त. म्युनिकच्या सरकारी अभिलेखागारातून पोलिसांच्या कागदांच्या प्रती मागवायच्या, जबाब अक्षर न् अक्षर उतरवून काढायचे, चर्चच्या नोंदी, जुनी वर्तमानपत्रं, पहिल्या महायुद्धातल्या मृतांच्या याद्या चाळायच्या. व्हिक्टोरियाचा नवरा कार्ल डिसेंबर १९१४ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर पडला. प्रेत मिळालं नाही म्हणून तो जिवंत परतला आणि त्यानंच हे केलं, अशी वावडी शंभर वर्षं उठते आहे. म्हणून या याद्या महत्त्वाच्या. हस्ताक्षर वाचणारं सॉफ्टवेअरही आता निघालंय, इन्सब्रुकचं ट्रान्सक्रिबुस. ते भराभर वाचतं, पण नेमकं माणसाच्या नावाशी अडखळतं. आमच्यातल्या एक बव्हेरियन बाई सत्तरी ओलांडलेल्या आहेत. माझ्या उताऱ्यातल्या चुकांना लाल रंग देऊन परत पाठवतात, शेरा लिहीत नाहीत. बाईंची शिकवणी कडक आहे.

माझी सगळ्यांत मोठी चूक सांगतो, म्हणजे हौशी लोकांवर किती भरवसा ठेवावा ते कळेल. त्या भागातल्या एका जुन्या गावयादीत नावापुढे 'झ्योल्डनर' असा शब्द लागोपाठ आला. शब्दकोश म्हणाला, भाडोत्री सैनिक. माझी छाती धडधडायला लागली. महायुद्ध नुकतंच संपलेलं, खेडेगावात भाडोत्री सैनिकांची वस्ती, आणि जवळच सहा खून! दोन दिवस मी जेवलो कमी आणि लिहिलं जास्त. तिसऱ्या दिवशी बाईंचा एका ओळीचा निरोप आला: आमच्याकडं झ्योल्डनर म्हणजे झोपडं आणि दोन-चार तुकडे जमीन असलेला शेतकरी. थोडक्यात अल्पभूधारक. माझी अख्खी पलटण पी.एम. किसानच्या यादीत जाऊन बसली. बायकोनं हे ऐकलं आणि ती अजून हसते.

उलटंही घडलं. ग्रुबर म्हाताऱ्याला कागदात 'आउस्ट्रागबाउअर' म्हटलंय. या शब्दाशी परदेशातले काही अभ्यासक अडले होते. मला अर्थ लगेच लागला. जमीन हयातीतच मुलीच्या नावे करून दिलेला आणि त्या बदल्यात त्याच घरात राहण्या-खाण्याचा हक्क राखलेला बाप. कोर्टात असल्या बापांचे पोटगीचे अर्ज मी नोकरीभर नोंदवले आहेत. आखाड्यावर हुकूम म्हाताऱ्याचा चालतो आणि कागदावर मालकीण मुलगी आहे, हे कळलं की त्या घरातल्या भांडणांना वेगळाच रंग चढतो.

पण जबाब वाचताना मला सगळ्यांत जास्त दिसला तो कारकून. जबाब कधीच माणसाच्या तोंडचा नसतो. शेतकरी त्याच्या खेडवळ बव्हेरियनमध्ये बोलणार, साहेब ते मनात सरळ करणार, कारकून सरकारी जर्मनमध्ये उतरवणार, आणि शेवटी वाचून दाखवलं, बरोबर आहे म्हणून सही. आपल्याकडं निजामाच्या राज्यात हेच होतं. बोलणारा मराठी, पोलिसातले अमीन साहेब ऐकणार दखनीत, मिसल, म्हणजे खटल्याची फाइल, लिहिली जाणार उर्दूत. १८८४ च्या सुमारास फारसी जाऊन उर्दू आली, पण माझ्या पणज्याच्या दृष्टीनं दोन्ही सारख्याच, त्याला फक्त अंगठा टेकवायचा होता. शिवाय हिंटरकाइफेकचे कितीतरी जबाब उशिरा घेतलेले, काही तर तीस वर्षांनी, १९५२ साली. तोवर साक्षीदारानं स्वतः पाहिलेलं कुठलं आणि गुत्त्यावर ऐकलेलं कुठलं, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसेल. खुनाआधीची बर्फातली पावलं, माळ्यावरचे आवाज, भुताला भिऊन गेलेली आधीची मोलकरीण, हे तपशील लोक चवीनं सांगतात. मी प्रत्येकापुढं एकच गोष्ट लिहितो: कधी सांगितलं, कुणी लिहून घेतलं.

आणि खुनी कोण, हे? एका शेजाऱ्यावर संशय होता आणि आहे. त्याच्यावर काहीही सिद्ध झालं नाही. २००७ साली फुर्स्टेनफेल्डब्रुकच्या पोलीस महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी सगळं प्रकरण नव्यानं तपासलं. त्यांचं एका नावावर एकमत झालं, पण ते त्यांनी जाहीर केलं नाही, कारण वंशज हयात आहेत. आमच्यातल्या पुष्कळांना याचा राग आहे. मला नाही. का नाही ते सांगायला मला गावाकडं यावं लागेल, आणि तुमच्या न लिहिलेल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही तिथंच आहे.

माझ्या आजोबांचे चुलतभाऊ हुरड्याच्या दिवसांत आखाड्यावर मारले गेले. घरात सांगतात ते फसली, म्हणजे निजामाच्या महसुली कालगणनेचं, १३५० साल. फसली साल ऑक्टोबरात सुरू होतं. ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत त्यात ५९० मिळवायचे, पुढच्या नऊ महिन्यांत ५९१, की इसवी सन येतो. हुरड्याचे दिवस म्हणजे १९४० सरून १९४१ लागायचा सुमार. शिक्षा कुणाला झाली नाही. गावानं मात्र निकाल दिला. बांधाशेजारच्या एका घराकडं बोट गेलं आणि ते आजतागायत तिकडंच आहे. त्या घराशी आमची सोयरीक नाही, कुणाच्या मयतीला गेलो तर पाणी न पिता परत. माझ्या लहानपणी त्यांच्या पोरांशी खेळल्याबद्दल मी मार खाल्लाय.

मिसल मी शोधली. आमचे बरेच जुने कागद हैदराबादला तारनाक्याच्या अभिलेखागारात आहेत. तिथं दोन चकरा मारल्या, सापडली नाही. आणि इथं सापडेल अशी आशा धरायला मला तोंड नाही. मुदत संपलेल्या मिसली नष्ट करणं हा माझ्याच कामाचा भाग होता. सरकारी भाषेत त्याला निंदणीकरण म्हणतात, जणू कागद म्हणजे पिकातलं तण. यादी करायची, साहेबांची सही घ्यायची, खाली आपली करायची. नियमातच होतं सगळं. पण कोणत्या आखाड्यावरचा कोणता जबाब माझ्या सहीनं लगद्यात गेला, ते मी वाचून पाहिलं नव्हतं. नोकरीत असताना कधी मनात आलं नाही. कुरेंट गिरवताना आलं.

२०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती शिंदे समिती आली आणि वर्षानुवर्षं बांधलेल्या रुमालांच्या, म्हणजे कागदांच्या कापडी गठ्ठ्यांच्या, गाठी सुटल्या. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. ओळखीपाळखीचे लोक प्रती घेऊन माझ्याकडं यायला लागले, चहाच्या कपाबरोबर मी वाचून द्यायचो. त्यात एकानं आमच्याच गावच्या जमिनीच्या नोंदीचं पान आणलं. आमचा गट, चुलत आजोबांचं नाव, फसली १३५०, आणि नावापुढे एकच शब्द: फौत. पुढं वारसांची नावं. फौत म्हणजे मयत. पटकीनं गेला तरी फौत, विहिरीत पडला तरी फौत, डोक्यात कुऱ्हाड बसली तरी फौतच.

ही बातमी गावात माझ्याआधी पोचली असावी. आठ दिवसांनी त्या घरातले सगळ्यांत वडील काका माझ्या दारात उभे राहिले. ऐंशीच्या घरातले, काठी टेकत, नातवाच्या मोटारसायकलवरून आलेले. आमच्या उंबऱ्याच्या आत त्या घरातलं माणूस मी कधी पाहिलेलं नव्हतं. बायकोनं पाणी आणलं. त्यांनी तांब्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, मग प्यायले.

"जुना कागद सापडलाय म्हणं तुमच्यावाला," ते म्हणाले. "काय लिवलंय?"

मी पान काढलं आणि बोट ठेवून वाचून दाखवलं.

"बस? येवढंच?"

"एवढंच, काका."

"आमच्या बापाचं नाव?"

"कुठंच नाही."

ते बराच वेळ त्या पानाकडं बघत बसले. उर्दू त्यांना येत नव्हतं, मराठीही सहीपुरतंच. मग नातवाला जवळ बोलावलं, खिशातून दहाची नोट काढून त्याच्या हातात दिली आणि मला म्हणाले, "ह्याची एक झेरॉक्स काढू देता का?"